जुना ‘डॉन’, नवा ‘डॉन’ : दोन बदल, एक जमलेला आणि एक महागात पडलेला

फरहान अख्तरच्या २००६ सालच्या ‘डॉन’विषयी नीट बोलायचं तर शेवट उघड केल्याशिवाय इलाज नाही. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं. आधी १९७८ चा मूळ ‘डॉन’ बघावा, मग हा बघावा आणि मगच पुढे वाचावं. दोन्ही पावणेतीन तासांच्या आसपासचे आहेत. लागोपाठ बघितले तर नव्याचा चकचकीतपणा जुन्यावर अन्याय करतो, म्हणून मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्यावेत.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ इथे उभं केलं तेव्हापासून हे गाव एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघत आलंय. ‘शारदा’ची गोष्ट ठाऊक असते, पदं पाठ असतात, तरी नवा संच आला की जुनी मंडळी पुढच्या रांगेत बसतात आणि पहिला अंक संपेपर्यंत त्यांचा निकाल झालेला असतो. पुढे काय होणार हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला कसं धरून ठेवलंय, एवढंच ते बघतात. रिमेकची परीक्षा याहून वेगळी नाही. आणि परक्या गोष्टीला आपलंसं करायचं म्हणजे काय, हेही शिकायला लांब जायला नको. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ परक्या नाटकावरून आलेलं आहे, पण फाल्गुनराव आणि कृत्तिका बघताना ते कुणाच्या डोक्यातही येत नाही. देवलांनी नावं बदलली तशी माणसांच्या वागण्याची कारणंही बदलली. म्हणून ते रुजलं.

तर आधी मूळ यंत्र कसं चालतं ते बघू, कारण रिमेकमध्ये त्यातलाच एकेक भाग काढून दुसरा बसवलेला आहे.

सलीम-जावेदच्या पटकथेतला डॉन पोलिसांच्या पाठलागात मरतो. हे फक्त डीएसपी डिसिल्वाला माहीत असतं. तो प्रेत गुपचूप पुरतो आणि डॉनसारखा हुबेहूब दिसणारा विजय, फुटपाथवर दोन पोरक्या मुलांना सांभाळणारा साधा माणूस, त्याला शिकवून टोळीत पाठवतो. सारख्या चेहऱ्याची युक्ती तेव्हाही नवी नव्हती. १९६२ च्या ‘चायना टाउन’मध्ये ती येऊन गेली होती. सलीम-जावेदनी तिच्यात एक खिळा ठोकला. विजय म्हणजे डॉन नव्हे, हे पोलिसांना पटवून देऊ शकणारा माणूस एकच, आणि मध्यावर आल्यावर तोच मरतो. आता पोलीस विजयला डॉन समजून पकडणार, टोळीला तो पोलिसांचा माणूस आहे हे कळलेलं, आणि भावाच्या खुनाचा सूड घ्यायला टोळीत शिरलेली रोमा तर आधीच एकदा त्याच्या जिवावर उठलेली. सगळीकडून दारं बंद. बाहेर फक्त आपण, प्रेक्षक, ज्यांना खरं काय ते माहीत आहे आणि ज्यांचं कुणी ऐकणार नाही.

इथे प्रेक्षकाला सगळ्या पात्रांपेक्षा जास्त माहिती आहे. सिनेमाची पकड त्या जास्तीच्या माहितीत आहे. डिसिल्वा झालेले इफ्तेखार इस्पितळात प्राण सोडतात तेव्हा आपण खुर्चीत पुढे सरकतो, कारण एक माणूस गेला एवढंच ते नसतं, विजयचं नावच त्याच्याबरोबर गेलेलं असतं. चंद्रा बारोट यांचं दिग्दर्शन काही ठिकाणी ओबडधोबड आहे, पण हा क्षण त्यांनी अचूक धरलाय. याच्या आधी विजयला आपण भरपूर वेळ पाहिलेलं असतं, म्हणून तो लागतो.

आता या यंत्रातली फट. डिसिल्वासारखा मुरलेला अधिकारी एवढा मोठा बेत एकट्याच्या डोक्यात का ठेवतो? वरिष्ठांना बंद लिफाफा का देत नाही? एका सहकाऱ्याला तरी विश्वासात का घेत नाही? जुन्या सिनेमात याचं उत्तर ‘गुप्तता’ एवढंच आहे, आणि इफ्तेखार यांच्या चेहऱ्यावर आपला इतका विश्वास की आपण पुढे विचारत नाही. पण फट ती फटच. गाडीत एखादा भाग वर्षानुवर्षं खडखडत असतो आणि मालकाला सवय होऊन जाते, तसं आहे हे.

२००६ च्या ‘डॉन’चा पहिला बदल याच फटीत बसवलाय आणि तो अव्वल आहे. इथला डीसीपी डिसिल्वा, म्हणजे बोमन इराणी, हाच मुळात वर्धान आहे, डॉनच्या धंद्यातला जुना प्रतिस्पर्धी. त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण त्याला सांगायचंच नव्हतं. विजयला आत पाठवला तो टोळीचा मालक सिंघानिया याचा काटा काढण्यासाठी आणि धंद्याची सगळी माहिती असलेली डिस्क मिळवण्यासाठी. छाप्यात तो मेला असं दाखवून तो नामानिराळा होतो. मूळ कथेतला सर्वांत कच्चा दुवा इथे कथेचा कणा झाला. रिमेक करणाऱ्याने जुन्या कामाकडे प्रेमाने आणि तरी उघड्या डोळ्यांनी बघितलं की असं होतं. देवलांच्या जातीचं काम आहे हे.

त्याच्या जोडीला आणखी एक बारकावा आहे, जो फक्त जुना सिनेमा पाहिलेल्यांसाठी आहे. १९७८ मध्ये इंटरपोलचा अधिकारी मलिक म्हणून वावरणारा माणूस शेवटी वर्धान निघतो. ओम शिवपुरींनी ती भूमिका केली होती. नव्या सिनेमात मलिक याच नावाचा अधिकारी म्हणून ओम पुरी आले की जाणत्या प्रेक्षकाची नजर त्यांच्यावर खिळते. हाच तो, असं वाटून आपण त्यांच्या प्रत्येक वाक्याचा दुसरा अर्थ लावत बसतो आणि तेवढ्यात खरा वर्धान डोळ्यांसमोरून निसटतो. प्रेक्षकाची आठवण हेच इथे फसवायचं हत्यार झालंय. ओम पुरी ते अगदी सरळ, कसलाही आविर्भाव न करता वावरले, म्हणून हे जमलं. त्यांनी जरा जरी संशयास्पद नजर टाकली असती तर डाव उघडा पडला असता.

इथवर नवा ‘डॉन’ जुन्याच्या तोडीचा आहे. मग दुसरा बदल येतो.

शेवटी कळतं की आपण ज्याला विजय समजत होतो तो विजय नव्हताच. इस्पितळातल्या पलंगावर मेला तो विजय. डॉन शुद्धीवर आलेला होता, डिसिल्वाचा बेत त्याला कळला होता आणि त्याने जागा बदलली. म्हणजे डॉन हा डॉनचं सोंग घेणाऱ्या विजयचं सोंग घेऊन वावरत होता. पहिल्यांदा बघताना हा धक्का जबर बसतो. रोमा निरोप द्यायला जवळ जाते, तो तिला ‘जंगली बिल्ली’ म्हणतो, आणि हे शब्द तिला फक्त डॉनने ऐकवले होते हे तिच्या लक्षात येतं. प्रियांका चोप्राने तो क्षण छान पेललाय. २०११ चा पुढचा भाग याच शेवटावर उभा राहिला, तेव्हा धंद्याच्या हिशेबानेही हा बदल फळला.

तरीही आमच्या मते सिनेमाचं खरं नुकसान इथेच झालं. कारण सांगतो.

हळदीच्या सौद्यात हळकुंडाला पॉलिश कितीही असो, जाणता माणूस ते मोडून आतला रंग बघतो. धक्कातंत्राचा सिनेमा मोडून बघायचा तर दुसऱ्यांदा बघायचा. शेवट माहीत असताना आधीचं प्रत्येक दृश्य त्या शेवटाशी जुळतं का, एवढं तपासायचं. जुळलं तर दुसऱ्यांदा बघताना जास्त मजा येते, कारण पहिल्या वेळी नजरेतून सुटलेल्या खुणा दिसू लागतात. नाही जुळलं तर लेखकाने आपल्याला पुरेशी माहिती न देता गंडवलं असं वाटतं. नव्या ‘डॉन’मध्ये दोन्ही घडतं, म्हणून थोडं थांबून बघायला हवं.

जुळणारी गोष्ट आधी. १९७८ मध्ये डॉन मरतो आणि पुरला जातो. ते दार तिथेच कायमचं बंद होतं. २००६ मध्ये तो बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात ठेवलेला आहे, आणि त्याच काळात विजयवर शस्त्रक्रिया करून डॉनच्या अंगावरचे व्रण उठवले जातात. प्रेताऐवजी पलंगावरचा श्वास घेणारा माणूस, हा बदल लेखकाने उगाच केलेला नाही. जुना सिनेमा पाठ असलेल्याने तिथेच कान टवकारायला हवे होते. खूण समोर ठेवली होती, आपण बघितली नाही. हे प्रामाणिक लेखन आहे.

आता न जुळणारं. डॉन विजयचं सोंग घेतो हे मान्य केलं, तर जिथे कुणी बघणारं आहे तिथे तो विजयसारखा वागेल हे समजतं. डिसिल्वासमोर तर वागायलाच हवं. पण ‘खइके पान’ बघा. हे गाणं नव्या सिनेमात टोळीच्या हातून निसटल्यानंतर येतं, म्हणजे अदलाबदल होऊन बराच काळ गेल्यावर. भांग चढलेली, अंग सैल सुटलेलं, गंगेकाठच्या छोकऱ्याचा ठेका. मग हा नाचणारा माणूस कोण? डॉन असेल, तर हा थंड रक्ताचा, कुणावर विश्वास न टाकणारा माणूस पाठीवर पोलीस आणि टोळी दोन्ही असताना नशापाणी करेल का? रोमाचा विश्वास मिळवण्यासाठी केलेलं नाटक म्हटलं, तर युक्तिवाद जमतो, पण मग गाण्यातला आनंद खोटा ठरतो, आणि त्या आनंदावरच तर आपण त्या माणसावर जीव लावलेला असतो. जुन्या सिनेमात हाच प्रसंग विजयच्या सुटकेचा श्वास आहे. तिथे तो खरा आहे.

दुसरी अडचण दीपूची. मूळ कथेत दोन मुलं आहेत, दीपू आणि मुन्नी. नव्यात एकटा दीपू. विजयच्या अंगाखांद्यावर वाढलेलं पोर माणूस बदलला तर चालण्यावरून, हात धरण्याच्या तऱ्हेवरून ओळखेल. घरातल्या लहान मुलांना हे मोठ्यांच्या आधी कळतं. म्हणून लेखकाला दीपूला शाळेत टाकून विजयपासून लांब ठेवणं भाग पडलंय. युक्ती म्हणून ती चालते, पण तिची किंमत अशी की मूळ सिनेमाचं काळीज असलेलं नातं इथे नावापुरतं उरतं.

आणि सर्वांत मोठी किंमत. खरा विजय या सिनेमात किती वेळ आहे ते घड्याळ लावून बघा. ‘मोरया रे’ या विसर्जनाच्या गाण्यापासून इस्पितळापर्यंत, बस. त्यानंतर आपण ज्याच्यासाठी श्वास रोखून धरला, ज्याच्या निरपराध असण्यावर आपला जीव टांगला, तो माणूस केव्हाच मेलेला होता आणि त्याचं दुःख करायला सिनेमात एक क्षणही ठेवलेला नाही. शेवट डॉनच्या रुबाबात उडून जातो. फुटपाथवरचा एक भला माणूस दोन गुंडांच्या डावात चिरडला गेला, ही यातली खरी शोकांतिका आहे, आणि सिनेमाला तिची दखल घ्यावीशी वाटली नाही. दीपूच्या चेहऱ्यावर एक दृश्य खर्च केलं असतं तरी तोल सावरला असता.

सरळ सांगायचं तर पहिल्या बदलाने कथेतलं भोक बुजलं आणि दुसऱ्याने नवं पाडलं. जुन्यात प्रेक्षक एकटा साक्षीदार होता. नव्यात साक्षीदारालाच गंडवलंय. ताणाची जागा धक्क्याने घेतली, आणि धक्का एकदाच बसतो.

पुरावा म्हणून वापरलेल्या वस्तूचंही बघण्यासारखं आहे. १९७८ मध्ये लाल डायरी, २००६ मध्ये डिस्क. डायरी ही पडद्यासाठी फार गुणी वस्तू. लांबून ओळखू येते, फेकता येते, झेलता येते, जळते, आणि जळाली की संपली. जुन्या सिनेमाच्या अखेरीस ती या हातातून त्या हातात जाते तेव्हा लहान मुलालाही कळतं की काय पणाला लागलंय. ती हाणामारी लांबली आहे हे खरं, पण समजायला सोपी आहे. डिस्कची नक्कल निघते. २००६ साली सांगलीतल्या कुठल्याही सायबर कॅफेत वीस-पंचवीस रुपयांत सीडी कॉपी करून मिळायची. मग एवढा धोरणी डॉन, एवढा धूर्त वर्धान, कुणीच एक प्रत काढून ठेवली नसेल? काळ बदलला म्हणून वस्तू बदलायची तर त्या वस्तूचे गुणधर्मही बदलतात, आणि कथेला त्याचा जाब द्यावा लागतो. इथे तो दिलेला नाही. ‘तिची नक्कल निघत नाही’ एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडी घालून ते भागलं असतं.

मुंबई सोडून क्वालालंपूरला जाणं अनेकांना दिखाऊपणा वाटला. आमचं मत वेगळं आहे. मूळ सिनेमात विजय मुंबईचा आणि डॉनचा वावरही मुंबईत. ज्या शहरात तो रस्त्यावर नाचून पोट भरत होता, त्याच शहरात त्याला ओळखणारा पानवाला नाही, शेजारी नाही, हे जरा अवघडच. परदेशात विजयच्या बाजूने बोलणारं कुणी नसणं आपोआप येतं. तेव्हा स्थळ बदलण्याला कारण आहे. फक्त त्या कारणाचा वापर पुरता झालेला नाही. भाषा न येणारा, कागदपत्रं खोटी असलेला, एकटा पडलेला मुंबईकर तिथे कसा गोंधळेल, याची एक-दोन दृश्यं हवी होती. के. यू. मोहनन यांचा कॅमेरा काचा, पोलाद आणि रात्रीचे दिवे सुरेख टिपतो, पण शहर पोस्टकार्डासारखं राहतं.

मुलांचा खरा बाप जसजित, त्याचंही तेच. १९७८ चा जे.जे., म्हणजे प्राण, लंगडतो, आणि त्याचा पाय अधू होण्याला डिसिल्वा कारण आहे. तो सर्कशीतला माणूस. मुलांना घेऊन उंचावरून तोल सांभाळत पलीकडे जातो तेव्हा अधू पाय, जुनी कला आणि बापाचं काळीज तिन्ही त्या एका चालीत एकवटतात. ट्रिक ढोबळ आहे, मागचा पडदा कळतो, तरी पोटात गोळा येतो. नव्यात अर्जुन रामपाल जुळ्या मनोऱ्यांच्या उंचीवर तेच करतो. उंची कितीतरी जास्त, तंत्र कितीतरी सफाईदार, पण हा माणूस सुरक्षायंत्रणांचा जाणकार. तोल सांभाळणं हे त्याच्या आयुष्यातून आलेलं नाही. जुनं दृश्य उचललं आणि त्याचं मूळ मागे राहिलं.

गाण्यांवर सांगलीकराने बोलायलाच हवं, कारण ‘ये मेरा दिल’ गाणाऱ्या आशा भोसले यांचा जन्म सांगलीचा, ८ सप्टेंबर १९३३ चा. या गाण्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. किशोरकुमारना ‘खइके पान’साठी आणि अमिताभना अभिनयासाठी. ‘ये मेरा दिल’ हे गाणं म्हणजे कथेचा एक सापळा आहे. पोलीस येईपर्यंत कामिनीला डॉनला खोलीत अडकवून ठेवायचंय. नवऱ्या मुलाचा खून करणाऱ्यासमोर ती नाचतेय, आणि प्रत्येक मिनिट तिला जिवाच्या मोलाने विकत घ्यावं लागतंय. आशाबाईंच्या आवाजात लाडिकपणाच्या खाली एक घाई आहे. ओळीचं शेवटचं अक्षर त्या झटकन सोडतात, श्वास ऐकू येईल एवढी जागा ठेवतात. हेलनचे पाय ठेक्यावर आणि डोळे दाराकडे. कल्याणजी-आनंदजींनी तालवाद्यं आणि ब्रास असे रचलेत की गाणं पुढे पुढे ढकलत राहतं. सुनिधी चौहानचा नवा आवाज दमदार आहे, सुरात पक्का आहे, शंकर-एहसान-लॉय यांची ध्वनियोजना भरदार आहे. पण नव्या गाण्यात भीती नाही. करीना मोहक दिसते, घाबरलेली दिसत नाही. त्यामुळे सापळा बाजूला राहतो आणि नाच उरतो.

‘खइके पान’ मूळ सिनेमात नंतर घातलेलं. उत्तरार्ध फार ताणलेला आहे, मध्ये श्वास घ्यायला जागा हवी, असं मनोजकुमारनी बारोट यांना सुचवलं म्हणून. बारोट आधी त्यांचे सहायक होते. हा सल्ला किती नेमका होता ते सिनेमा बघताना कळतं. गाणं काढून बघा, शेवटचा तास सलग धावपळीचा होऊन थकवतो. नव्या सिनेमात मात्र वेगळं गाणं जिंकतं : ‘मोरया रे’. शंकर महादेवनचा आवाज, गुलाल, ताशा. कृष्णाकाठी विसर्जन बघणाऱ्यांना त्यातली गर्दी खरी वाटते आणि शाहरुख त्या गर्दीत मिसळतो, वर उभा राहत नाही. विजय हा सगळ्यांतलाच एक, हे चार मिनिटांत कळतं. एकच उणीव : जुन्या ‘ये है बंबई नगरिया’मध्ये मुलं विजयच्या बरोबर नाचतात, म्हणून ओळख आणि नातं दोन्ही एका गाण्यात होऊन जातं. इथे नात्यासाठी वेगळी दृश्यं लागतात, आणि ती पुरेशी नाहीत.

इथे एक तांत्रिक सूचना. जुन्या गाण्यांची तुलना करायची तर कुठली प्रत ऐकताय ते आधी तपासा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. आपल्याकडच्या जुन्या टीव्ही आणि डीव्हीडी पद्धतीत तो २५ ने चालवला जाई. वेग सुमारे चार टक्क्यांनी वाढतो आणि सूर अर्ध्या सुराहून थोडा कमी, पण कानाला कळेल इतका वर सरकतो. आशाबाईंचा आवाज त्यात उगाच पातळ आणि घाईचा वाटतो. ध्वनिमुद्रिकेशी ताडून बघा; फरक असेल तर ती प्रत तुलनेसाठी बाद. शिवाय टीव्हीवरच्या प्रतीत कात्री लागलेली असते, आणि ती बहुतेक वेळा विजय आणि मुलांच्या शांत दृश्यांवर लागते. म्हणजे जे बघायचं तेच गेलेलं.

अभिनयाचं थोडक्यात. अमिताभने डॉन आणि विजय शरीराने वेगळे केलेत. डॉनची मान स्थिर, हात जवळ, पापणी लवत नाही. विजयचे खांदे सैल, जीभ गालात, पाय सतत हलते. विजय डॉन बनून वावरतो तेव्हा क्षणभर विजय डोकावतो आणि परत झाकला जातो. शाहरुखचा डॉन मिजासखोर, शब्दांशी खेळणारा आहे, आणि एकटा डॉन म्हणून तो झकास आहे. पण शेवटाने त्याच्यावर तिहेरी सोंगाचं ओझं टाकलंय, आणि सोंगाच्या आतला डॉन कुठेतरी एका नजरेत दिसायला हवा होता. तो फारसा दिसत नाही. यात नटापेक्षा दिग्दर्शकाचा निर्णय जास्त आहे, रहस्य फुटेल या धास्तीने घेतलेला. बोमन इराणी मात्र दोन्ही वेळा बघावेत. दुसऱ्यांदा बघताना त्यांची मायाळू वाक्यंच अंगावर येतात.

मूळ ‘डॉन’ निर्दोष आहे असं नाही. मारामारीचे आवाज मारामारीपेक्षा मोठे आहेत, रोमाचं मत फार पटकन बदलतं, योगायोग बरेच आहेत. छायालेखक-निर्माते नरिमन इराणी कर्जात होते, आणि सिनेमा पुरा होण्याआधीच ते गेले. त्या ओढाताणीच्या खुणा सेटवर दिसतात. पण पैसा नव्हता म्हणून सगळा भार पटकथेवर पडला, आणि पटकथेने तो वाहिला. पुढे तेलुगूत ‘युगंधर’ आणि तमिळमध्ये ‘बिल्ला’ त्याच सांगाड्यावर झाले.

गुण द्यायचे तर जुन्याला पाचपैकी साडेचार, नव्याला तीन. त्यातला एक पूर्ण गुण बोमन इराणींच्या डिसिल्वाचा.

एकांकिका बसवणाऱ्या मुलांनी हे दोन सिनेमे अभ्यासासाठी जरूर घ्यावेत. पद्धत अशी : १९७८ चा सिनेमा डिसिल्वाच्या मृत्यूपर्यंत बघून थांबवा. वहीत प्रत्येक पात्राचं नाव लिहून त्याला या क्षणी काय माहीत आहे ते समोर लिहा, आणि शेवटच्या ओळीत प्रेक्षकाला काय माहीत आहे ते. मग २००६ चा त्याच जागी थांबवून तसाच तक्ता करा, एकदा शेवट माहीत नाही असं धरून आणि एकदा माहीत आहे असं धरून. तिन्ही तक्ते शेजारी ठेवले की ‘प्रेक्षक’ ही एकच ओळ तिन्हींत वेगळी निघेल. त्यानंतर नवा सिनेमा इस्पितळाच्या दृश्यापासून पुन्हा लावा, आवाज बंद करून, आणि तिथून पुढे शाहरुख डिसिल्वाकडे पाठ करून उभा असेल तेव्हा तेवढा त्याचा चेहरा बघा.